हिरवळीचे निर्लेखन

जडवस्तू नोंदवही, पान एकोणीस, नोंद सात:
हिरवळ. चारशे चौरस फूट. देणगीदाराकडून प्राप्त.
शेरा: सुस्थितीत.

(जिवंत वस्तूंसाठी वेगळी वही मिळत नाही.)

शेरा माझ्याच अक्षरातला आहे.
तेव्हा ती होतीच सुस्थितीत,
दर आठवड्याला एक टँकर पिऊन.

टँकर सातशेचा. मार्च लागला की हजाराचा.
सादिलचे पैसे येतात वर्षातून एकदा,
तेही खडू, वीजबिल, झाडू आणि परीक्षेचे कागद
यांनी आधीच आपसात वाटून घेतलेले.
त्यात हे पाचवं भावंड, हिरवंगार,
ज्याच्यावर पाय ठेवायची पोरांना बंदी.
कुणी ठेवलाच तर मी खिडकीतून ओरडायचे.

लेकरं मळक्या हातांनी खिचडी खात होती,
कारण हात धुवायचं पाणी
मी गवताला घातलं होतं.

हे मला गयाबाईंनी सांगितलं, खिचडी करणाऱ्या.
म्हणजे सांगितलं नाही.
रिकामा हंडा आणला, माझ्या टेबलासमोर
पालथा घातला, आणि चुलीकडे गेल्या.

मग हिरवळ आम्ही मरू दिली.
मारली नाही, नुसतं पाणी थांबवलं.
अकरा दिवस लागले तिला.
बाराव्या दिवशी सगळी शाळा तिच्यावर कबड्डी खेळली.

नागरसोग्याच्या इराप्पा कुंभारानं
भट्टीत वाकडे झालेले एकवीस माठ दिले.
पैसे विचारले तर म्हणाला,
"मातीत पुरल्यावर वाकडं कुणाला दिसलालंय, मॅडम?"
गळ्यापर्यंत पुरले. शेजारी लावली
माळावर कुणी न विचारता उगवणारी मंडळी:
तरवड, करंज, सीताफळ, कुंपणाला कोरफड.
बहावा तेवढा मोरीच्या तोंडाशी,
दीडशे पोरांच्या उष्ट्या हातांचं पाणी
चरातून थेट त्याच्या पायाशी जातं.

चौथीतल्या शिवलीलाकडे माठांच्या झाकणांचं काम.
ती फूटपट्टी बुडवून पाणी मोजते
आणि गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते:
सीताफळ, तीन दिवसांत पितं.
तरवड, सहा दिवस.
करंज, प्यायचं विसरून जातो.

वर्षअखेर शिल्लक: सहा हजार नऊशे चाळीस.
लेखापरीक्षक चष्मा वर करून बघत राहिले,
जणू शिल्लक हीच अफरातफर.
"पाण्यावर खर्च नाही? शाळेत पाणी नव्हतं का?"
होतं, सर. म्हणूनच.
"आणि ही हिरवळ? पान एकोणीस?"
ते बूट घालून बाहेर गेले,
जिथे ती होती तिथे उभे राहिले,
बुटाखाली काही सापडतं का पाहिलं.
"निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा. तीन प्रतींत.
वस्तू निकामी होण्याचे कारण स्पष्ट लिहा."

त्या पैशातून पत्र्याला पन्हाळ बसवली
आणि जगाचा नकाशा आणला,
ज्यातला समुद्र अजून पिवळा पडलेला नाही.
पोरं मधल्या सुट्टीत त्यावर बोट ठेवून विचारतात,
इतकं पाणी कुणाच्या नावावर आहे?

प्रस्ताव टेबलावर आहे.
कारण: "पाण्याअभावी" लिहिलं. खोडलं.
"अतिवापराने" लिहिलं. कबड्डीची आठवण झाली, हसू आलं,
तसंच राहू दिलं.
शेवटचा रकाना: निकामी वस्तूचे अवशेष.
लिहिलं, मैदान.

सही करायची राहिली आहे.
शिवलीला दारात उभी, हात कोपरापर्यंत ओले.
फूटपट्टी मडक्यात पडली, मॅडम. सीताफळाच्या.
लाकडी होती, शाळेची.
तिची नोंद कोणत्या पानावर आहे ते शोधतेय,
आणि ती म्हणतेय, राहू द्या ना,
परवापर्यंत ते पिऊन टाकील सगळं,
मग काढते.